मगररावांचा पोशाख

मंदावहिनी माणसांचे कपडे शिवत नाहीत. सुभानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी दर लग्नसराईत एखादी नवी सून ब्लाउजपीस घेऊन त्यांच्या दारात उभी राहतेच. वहिनी तिला पाणी देतात, कापडाचं कौतुक करतात आणि तसंच परत पाठवतात. "माणसांचं मला जमत नाही गं," म्हणतात. "माणसं जाड होतात आणि वर मलाच म्हणतात, काखेत घट्ट केलंत."

त्या देवांचे कपडे शिवतात. इथे गुजराती लोक देवाच्या पोशाखाला वाघा म्हणतात, आणि बडोद्यातल्या कितीतरी घरांतले लालजी, म्हणजे आपले बाळकृष्ण, आमच्या मंदावहिनींच्या हातचे वाघा घालून झोपाळ्यात बसलेले आहेत. मराठी घरांतल्या गौरी आहेत, एकदोन देवळांतल्या देवी आहेत. जन्माष्टमी जवळ आली की त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडतो आणि "मंदाबेन, अमारा वाघा थई गया?" असा गजर सुरू होतो. पोशाखाबरोबर साजही आलाच. इवलीशी पगडी, उपरणं, लोड, पंखा, थंडीत लोकरीची टोपी. मी एकदा म्हटलं, "वहिनी, तुमचा देव म्हणजे कॅनडाला निघालेला मुलगा वाटतो." त्या हसल्या नाहीत. देवाच्या कपड्यांवरून केलेली थट्टा त्यांना खपत नाही आणि मला थट्टा केल्याशिवाय राहवत नाही, म्हणून आमची मैत्री गेली कित्येक वर्षं कुरकुरत चालू आहे.

देवाला कपडे घालायची एक रीत असते. ती आधी सांगते, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला. मूर्तीला 'हात वर करा' असं सांगता येत नाही. त्यामुळे तिचा पोशाख समोरून पुरता आणि मागून उघडा असतो. तो पुढून अंगाला लावायचा, मागे नाड्या बांधायच्या आणि जिथे घसरेल असं वाटेल तिथे एक टाका घालून पक्का करायचा. मूर्ती बसत नाही, उठत नाही, वाकत नाही. एकदा नीट बसवला की पोशाख संध्याकाळपर्यंत एक सुरकुती न पडता राहतो. वहिनींचा सगळा जन्म असा सुरकुती न पडणाऱ्या गिऱ्हाइकांत गेला.

वहिनींचे यजमान सुभाषराव. नोकरी रिफायनरीत केली, पण त्यांचं खरं ठिकाण म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीतलं स्टेज. हवालदार म्हणा, सासरा म्हणा, यमदूत म्हणा, भावजींनी सगळं केलं. आवाज असा, की माइक बंद पडला तरी गेटवरच्या वॉचमनला नाटक कळायचं. स्वतःची वाक्यं विसरले तर दुसऱ्याची म्हणून टाकायचे. गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावरच त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. जीव वाचला, पण डावा पाय ओढत चालायची वेळ आली, डावा हात पोटाशी मुडपून राहिला, तोंड एका बाजूला झुकलं. आणि तो आवाज! एकेक शब्द धडपडत, ठेचकाळत बाहेर येऊ लागला.

फिजिओथेरपीच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की हात वापरतील तितका परत येईल, नाही वापरला तर आहे तिथेच थांबेल. पण भावजींनी प्रयत्नच सोडले. खाली उतरायचं नाव काढलं की "नको" एवढंच म्हणत. लोक तोंडाकडे बघतात, हे त्यांना सहन होत नव्हतं. ज्याने जन्मभर लोकांनी आपल्याकडे बघावं म्हणून धडपड केली, त्याचं असं व्हावं, याचं मला फार वाईट वाटायचं.

वहिनींनी त्यांची अशी सेवा केली, की सोसायटीतल्या सासवा आपापल्या सुनांना टोमणे मारायला लागल्या. सकाळी आंघोळ, पावडर, केस विंचरणं, परीटघडीचा झब्बा. मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचं, पाठीशी लोड, पायांखाली चौरंग. जेवण चमच्याने. पाण्याचा पेला ओठाला लावायचा. भावजींनी उजवा हात पुढे केला, जो अगदी धडधाकट होता, तरी त्या म्हणत, "सांडेल. राहू द्या, मी आहे ना." मी रोज जात होते, रोज हे बघत होते आणि घरी येऊन सांगत होते, "बायको असावी तर अशी." आमचे हे त्यावर पेपर तोंडासमोर धरत.

माझी मुलगी शर्वरी फाइन आर्ट्सला शिकते आणि तिच्या जिभेला हाड नाही. तो गुण तिच्यात कुठून आला, याची चर्चा आमच्याकडे होत नाही. यंदा गणपतीचं नाटक तिने बसवायला घेतलं होतं. गोष्ट आमच्या गावाची. पाऊस फार झाला की विश्वामित्री नदीतल्या मगरी रस्त्यावर येतात, कधी कोणाच्या पार्किंगमध्ये सापडतात, हे बडोद्यातल्या मुलांनाही नवीन नाही. शर्वरीच्या नाटकातली मगर सोसायटीत शिरते, सगळे गच्चीवर पळतात आणि मगर खाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसून चहा मागते. जुन्या वळणाचे गृहस्थ आहेत ते. पगडी, उपरणं, हातात काठी. नाव मगरराव विश्वामित्रीकर.

एका संध्याकाळी ती माझ्याबरोबर वहिनींकडे आली आणि चहाचा घोट घ्यायच्या आत म्हणाली, "काका, मगररावाचं काम तुम्ही करा ना. मला पाय ओढत चालणारा आणि कमी बोलणारा माणूस हवाय. बाकीच्यांना शिकवावं लागेल. तुम्हाला येतं."

धरणी दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेले असते. वहिनींच्या हातातली बशी थांबली. भावजी शर्वरीकडे बघत राहिले, मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. पण ते हसत होते. वाकड्या तोंडाने, आवाज न करता, पण चांगले पोटापासून हसत होते.

"चालशे," ते म्हणाले.

"काही चालशे-बिलशे नाही," वहिनी उसळल्या. "पडले-बिडले तर? लोकांना तमाशा हवा असतो." मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. वर्षभरात त्या माणसाने कशाला हो म्हटलं नव्हतं. "बरं. पण पोशाख मी शिवीन. दुसऱ्या कोणाचा हात त्यांना लागायला नको."

"पण वहिनी, तुम्ही तर माणसांचे..." मी म्हटलं.

"मगर माणूस आहे का?" त्या म्हणाल्या आणि मेजरिंग टेप घेऊन आल्या.

मग त्यांच्या घरात मगर जन्माला यायला लागली. मंगळबाजारातून हिरवं साटीन आलं, गोरव्याच्या ज्या युनिटमध्ये आमचे हे आहेत तिथून मशीनच्या पॅकिंगचा फोम आला. त्या फोमचे त्रिकोण कापून वहिनींनी पाठीवरचे काटे केले, एकेक खवला वेगळा कापून, कडेला बारीक पायपिंग लावून शिवला. शेपटीत जुन्या गादीचा कापूस गेला. डोळे बरण्यांच्या झाकणांचे, दात पांढऱ्या फेल्टचे. जबड्याखाली, भावजींचं तोंड येईल तिथे, काळी जाळी लावली, म्हणजे चेहरा कोणाला दिसायला नको. आणि मग साज! पगडी जरीची, तीही खास बडोदेशाही बांधणीची. उपरण्याला मोत्यांचा काठ. काठीला गोंडा, पायांत हिरवे मोजे आणि वर मोजड्या. गळ्यात माळ बघून शर्वरी म्हणाली, "काकू, मगर चाललीय कुठे? स्वतःच्या मुंजीला?" वहिनी म्हणाल्या, "नुसतं उघडंबोडकं कोणाला उभं करायची सवय नाही मला."

खोटं कशाला बोलू, पोशाख देखणा झाला होता. गणपतीच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी तो भावजींना चढवला, तेव्हा मी आणि शर्वरी बघतच राहिलो. वहिनींनी त्यांना चौरंगाजवळ उभं केलं, पोशाख पुढून लावला, मागे सरासर नाड्या बांधल्या. डावा हात घसरू नये म्हणून छातीवर घेतला आणि त्याच्यावर हिरवा पंजा दोन टाक्यांनी पक्का केला. त्यात काठी अडकवली. शेपटी खालच्या पायघोळ, अरुंद घेरालाच एकसंध जोडलेली होती. पगडी चढवली, उपरणं चापून बसवलं, दोन पावलं मागे सरल्या आणि डोळे बारीक करून बघितलं. एक सुरकुती नव्हती.

शर्वरीने टाळ्या वाजवल्या. "झकास! काका, आता दोन पावलं चाला."

भावजींनी पाय उचलला. तो उचललाच गेला नाही. घेरात पावलापुरतीही जागा नव्हती. वहिनी म्हणाल्या, "घाई नको. मी धरते ना." भावजींनी बसायचा प्रयत्न केला, तर कंबर वाकेना. उजवा हात मागे नेऊन नाडी ओढायला बघितलं, तर हात पोचेना. जाळीआडून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"मंदा," आतून आवाज आला. "काढ."

"अहो, जरासं सैल करते—"

"काढ." मग बराच वेळ काही नाही. आम्हाला वाटलं, संपलं बोलणं. पण ते पुढचा शब्द शोधत होते. "मी... मूर्ती... नाही."

वहिनी त्यांच्या मागे गेल्या आणि नाड्या सोडायला लागल्या. इतकी सराईत बोटं, पण एक गाठ काही केल्या सुटेना. शेवटी मीच पुढे होऊन ती सोडवली. पोशाख उतरल्यावर भावजी पाय ओढत आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

"नाटक राहू दे, शर्वरी," वहिनी म्हणाल्या. मग खाली बसल्या, मगरीचं ते हिरवं धूड मांडीवर घेऊन, आणि रडल्या. "मी वाईट काही केलं का गं, प्रतिमा? त्यांना त्रास नको म्हणून सगळं केलं. आंघोळ घातली, भरवलं, कपड्याला डाग पडू दिला नाही. वर्षभर त्यांना मखरात बसवून ठेवलं मी." मला खरं तर म्हणायचं होतं, की नाही हो, तुम्ही किती केलंत. पण ते खोटं झालं असतं. म्हणून मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. मलाही रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा वहिनी पोशाख उसवत होत्या. सबंध. देवाचं कापड त्या कधी उसवत नाहीत, कारण तिथे चूक होतच नाही. भावजी खुर्चीत होते, तोंड खिडकीकडे. वहिनींनी टेप घेतली आणि त्यांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"मला माणसाचं शिवता येत नाही," त्या म्हणाल्या. "मदत करा. हात कुठवर जातो, दाखवा."

भावजी वळले नाहीत.

"अहो, दाखवा ना. उभ्या माणसाचं माप घेऊन काय करू मी? चालताना घ्यायचंय."

भावजींनी सावकाश मान वळवली. मग डावा हात पोटापासून सुटला, थरथरत वर आला, छातीपर्यंत पोचला आणि पडला. "एवढाच?" वहिनी म्हणाल्या. मी दचकले. वर्षभरात त्या असं बोलल्या नव्हत्या. भावजींच्या कपाळावर आठी पडली. हात पुन्हा वर आला आणि या वेळी गळ्यापर्यंत गेला. वहिनींनी तिथे माप घेतलं.

मग त्या घरात माप घेणं म्हणजे एक कसरत होऊन बसली. भावजी हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत पाय ओढत चालायचे आणि वहिनी टेप घेऊन त्यांच्याबरोबर, वाकून, कधी गुडघ्यांवर. बसताना कंबरेत किती वाढतं, उठताना पाठीत किती. शेपटी वेगळी केली आणि पट्ट्यावर लावली. पोशाख पुढून उघडणारा झाला, चेनच्या टोकाला अंगठीएवढं कडं, म्हणजे बोट अडकवून ओढता यावं. बाकी सगळीकडे वेलक्रो. कापताना साटीन सरकायचं, तेव्हा वहिनी म्हणायच्या, "धरा," आणि भावजींचा डावा पंजा कापडावर ठेवायच्या. पहिल्यांदा तो नुसता वजनासारखा पडून असायचा. मग हळूहळू बोटं खरंच धरायला लागली. जाळीचं काय करायचं, असं विचारल्यावर भावजींनी कात्रीकडे बोट दाखवलं. "आवाज... जात नाही." वहिनींनी जाळी कापून टाकली.

आणि भांडणं! भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. "अहो, चेन तिरकी ओढू नका!" "तू... गप." "मी गप? शिवतंय कोण?" वर्षभर ते घर देवघरासारखं शांत होतं. त्यांचं भांडण ऐकून मला इतकं बरं वाटलं, की मी मिक्सर बंद करून ऐकत उभी राहायची.

नाटकाच्या संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसातच मेकअप-रूम केली होती. भावजींनी आमच्यासमोर पोशाख चढवला. स्वतः. वेळ लागला, शर्वरी घड्याळ बघत होती. वहिनी दोनदा पुढे झाल्या आणि दोनदा मागे सरल्या. शेवटी पगडी ठेवायला गेल्या, तर भावजींनी ती उजव्या हाताने काढून घेतली. "तू... समोर बस."

वहिनी माझ्या शेजारी पहिल्या रांगेत येऊन बसल्या. हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. पडदा उघडला, गच्चीवरची माणसं ओरडली आणि मगरराव विश्वामित्रीकर पाय ओढत, शेपटी झुलवत स्टेजवर आले. मुलं आनंदाने किंचाळली. मगरराव मधोमध थांबले, सगळ्यांकडे बघितलं आणि जबड्याखालून ते वाकडं, ओळखीचं तोंड उघडलं.

"घाबरू नका," ते म्हणाले. आणि इतका वेळ थांबले, की मला वाटलं, वाक्य विसरले. "चहा... ठेवा."

हशा उसळला. ते थांबणं सगळ्यांना अभिनयच वाटलं. कोण जाणे, असेलही. आवाज पूर्वीसारखा नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत पोचत होता.

मग ते खुर्चीत बसायला लागले. शेपटी बाजूला झाली, कंबर वाकली, सगळं बेतल्याप्रमाणे झालं, आणि त्या वाकण्यात पगडी घसरून पार भावजींच्या डोळ्यांवर आली. उजव्या हातात काठी होती आणि काठीवर सगळा भार. काठी सोडली असती तर ते पडले असते. गच्चीवरचे कलाकार घाबरून एकमेकांकडे बघत राहिले. वहिनी अर्ध्या उठल्या. मी त्यांना धरणारच होते, पण त्या आपणहून खाली बसल्या आणि माझं मनगट असं आवळलं, की बांगडी रुतली.

डावा हात हलला. हिरवा पंजा पोटापासून छातीवर आला, छातीवरून गळ्याशी. तिथे थांबला. थरथरला. पुढे जाईना. पगडी अजून वीतभर वर होती. आणि मग मगररावांनी डोकं खाली वाकवलं. हात डोक्यापर्यंत जात नव्हता, तर डोकं हातापर्यंत आणलं, आणि पंजाने पगडी मागे ढकलली. लोकांना वाटलं, मगर अदबीने मुजरा करतेय. टाळ्यांचा कडकडाट झाला, काही जणांनी उलट मुजराही केला. काय झालं ते वहिनींना, मला आणि पडद्याआडच्या शर्वरीला तेवढं कळलं. वहिनी ओक्साबोक्शी रडत होत्या आणि मी त्यांना सावरायचं सोडून स्वतःच नाक पुसत होते.

नाटक झाल्यावर भावजी पोशाखातच खाली माणसांत आले. मुलं शेपटी ओढत होती, कोणी पाठीवर थाप मारत होतं, आणि ते प्रत्येकाशी, शब्द शोधत शोधत, बोलत होते. शर्वरीला गाठून म्हणाले, "मला... वाक्यं... फार कमी दिलीस."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे गुणवंतभाई मोबाइल घेऊन आले. "मंदाबेन, तुम्ही पण या बाजूला. पण आधी ती पगडी सीधी करा ने, साव वाकडी छे."

वाकडी होतीच. जरीचा तुरा थेट कानावर आला होता. वहिनींचा हात वर गेला, भावजींच्या डोक्याजवळ पोचला आणि तिथेच थांबला.

"राहू द्या, गुणवंतभाई," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी स्वतः घातलीय." आणि नवऱ्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.